टेकडीमागची दुसरी मेंढी

सात वर्षं तिनं गिधाडं वाढवली होती. घरचे तिला ‘गिधाडांची आई’ म्हणून चिडवत, आणि त्यात पुढे असायचा तो तिचा धाकटा दीर, मेंढपाळ. त्या भागातून गिधाडं नाहीशी होऊन तीस वर्षं झाली होती. महिन्यापूर्वी तिच्या प्रजनन केंद्रानं पहिले नऊ पक्षी, पाठीवर ठावठिकाणा सांगणारं यंत्र बांधून, मोकळे सोडले होते.

त्या सकाळी संगणकावर सहा नंबरचा ठिपका हलेना.

“बसला असेल पोटभर खाऊन,” पशुवैद्य डॉक्टर म्हणाले.

“कालपासून?” तिनं औषधांची पेटी उचलली.

माळावर एक मेलेली मेंढी पडली होती. पोट चिरून आत विषाची निळसर पूड भरलेली. दोन हात अंतरावर सहा नंबर पालथा, मान टाकलेली, नखं आवळलेली, चोचीतून फेस. डॉक्टरांनी उताऱ्याची सुई टोचली. तिनं वर पाहिलं. उरलेली आठही डोक्यावर घिरट्या घालत होती, प्रत्येक फेरीला जरा खाली.

तिनं अंगातलं जाकीट काढलं आणि ओरडत, ते गरगर फिरवत धावत सुटली. माणसाची भीती राहावी म्हणून सात वर्षं तिनं त्यांना आडोशामागून खाऊ घातलं होतं. पक्षी बिचकले, वर चढले आणि टेकडीपलीकडे गेले. मग तिला मेंढीच्या कानातला पिवळा बिल्ला दिसला. असे बिल्ले तिनंच दिराला आणून दिले होते.

तिनं त्याला फोन लावला. “भाऊजी, माळावरची मेंढी तुमची?”

“भटक्या कुत्र्यांसाठी ठेवली होती, वहिनी. चार कोकरं फाडली त्यांनी.”

“एकच ठेवलीत ना?”

“दोन. दुसरी टेकडीमागं.”

डॉक्टरांना सहा नंबरपाशी सोडून तिनं जीप टेकडीकडे दामटली. दीर मोटारसायकलवरून तिच्या आधीच पोचला होता, हातात फावडं. पाच गिधाडं खाली उतरली होती. एकाची चोच मेंढीच्या पोटात होती. दोघं ओरडत धावले. पक्षी उडाले, पण त्या एकानं घास गिळला की नाही, ते कुणालाच दिसलं नाही.

दिरानं खोल खड्डा खणला. तिनं मेंढी ओढत आणून आत ढकलली. मग तो मातीच्या ढिगावरच बसला.

“अहवालात माझं नाव लिहिणार?”

“लिहावंच लागेल.”

“आई काय म्हणेल?”

घरातलं माणूस तिच्याच हातानं तुरुंगात जाणार होतं.

“मीच येतो वनखात्याला सांगायला,” तो शेवटी म्हणाला. “तुझ्याकडून नको.”

सहा नंबर दुपारी गेला. ती संगणकासमोर बसून राहिली, पाणीसुद्धा न पिता. सात ठिपके फिरत होते, एक कड्यावर थांबलेला. सूर्य कलला तरी तो तसाच. डॉक्टरांनी पुन्हा सुई भरून ठेवली.

मग तो ठिपका सरकला. आधी जरासा, नंतर थेट ओढ्याच्या दिशेनं. तिनं टेबलावर डोकं टेकलं. बाहेर बाकावर दीर फावडं धरून, तिनं बोलवायची वाट बघत बसला होता.