कोपरा फाटलेलं कार्ड

पोस्टमनकाकांनी कार्ड हातात दिलं आणि मी ओरडतच अंगणात धावले, "आबा, धसईचं कार्ड आलं!"

आबा म्हणजे माझे आजोबा. शहापुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. धसईचे भगीरथनाना नाटकांचे पडदे रंगवायचे. दोघांचा पत्रव्यवहार म्हणजे एक खेळच! एकाने कार्डावर अर्धं चित्र काढायचं, दुसऱ्याने ते पुरं करून परत धाडायचं. मी म्हणायचे, फोटो काढून पाठवा ना, लगेच पोचेल. तर आबा म्हणायचे, "मग वाट कधी बघायची?"

आज त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"घरात नेऊ नको गो."

"का?"

"कोपरा बघ."

कोपरा फाटलेला होता. मला वाटलं, पोस्टात फाटला असेल. पण आबा म्हणाले, माणूस गेल्याचं पत्र असलं की कोपरा फाडून धाडतात, वर 'श्री' लिहीत नाहीत. ते पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत.

मी वर पाहिलं. श्री नव्हता.

"पण हा अर्धा बैल आहे ना! गेलेला माणूस बैल काढेल का?"

"ही रेघ भगीरथची नाय. बघ कशी थरथरते. पोरानं काढली असंल."

नानांच्या मुलाला, रवींद्रदादाला, फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. आबा पायरीवर बसून नुसते रस्त्याकडे बघत होते. ते मला बघवेना.

"चला, आत्ताच जाऊ," मी म्हटलं. वक्तृत्व स्पर्धेत नंबर आल्यापासून माझ्या आवाजाला जरा वजन आलंय. आईने शाळेचं नावसुद्धा काढलं नाही.

एसटीतून किन्हवली मागे गेली, सरळगावला गाडी बदलली. आबांच्या पिशवीत दुखवट्याचा नवा टॉवेल होता आणि कार्ड हातात. मी सारखी बडबडत होते. गप्प बसले की भीती वाटायची.

नानांच्या दारात चपलाच चपला. आबांनी माझा खांदा घट्ट धरला.

"मी बघून येते," म्हणत मी आत डोकावले. ओटीवर पोरं पाढे म्हणत होती. दादाच्या बायकोची, रविनावहिनींची शिकवणी! आणि मागे खाटेवर नाना. आबाही माझ्या मागोमाग आत आले.

"दामू? तू इकडं कसा?" शब्द जड येत होते. तोंड एका बाजूला वाकडं. उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

मीच कार्ड पुढे केलं. "नाना, कोपरा कुणी फाडला?"

"मीच. लकवा मारला. हात गेला ना माझा. तेच कळवलं."

"हात गेला तर तसं लिही ना, मेल्या!" आबा कडाडले. पोरांचे पाढे थांबले. "मी तुझ्या पोराला दुखवट्याचा टॉवेल घेऊन आलोय!"

"लिहू कशानं? डाव्या हातानं अक्षर येत नाय. पत्ता सूनबाईनं घातला, बाकीचं तिला सांगवंना. बैल कसातरी आला." नानांनी मान वळवली. "आता कार्ड नको धाडू दामू. संपलं ते."

आबांनी एका पोराची पेन्सिल घेतली, नानांच्या डाव्या हातात कोंबली. "रेघ मार."

"नाय जमत."

"मार."

मी वही धरून बसले. माझेच हात कापत होते. नाही जमली तर? आबा परत वाट कुणाची बघणार? पेन्सिल निघाली, अडखळली आणि वहीवरून घसरून थेट गोधडीवर गेली.

"बरं झालं," आबा म्हणाले. "तुझी सरळ रेघ मला कधीच आवडली नव्हती."

नाना हसले की रडले, वाकड्या तोंडामुळे कळेना. पेन्सिल मात्र त्यांनी सोडली नाही.

"वही नीट धर गो," ते मला म्हणाले. "हलवतेस किती!"