तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये

मित्रांनो, चार मजली रुग्णालयातली मी एक जुनी लिफ्ट आहे. एका अंधाऱ्या, उभ्या बोगद्यात माझं आयुष्य गेलं. आभाळ मी कधी पाहिलेलं नाही. नवी होते तेव्हा लोक माझ्या आरशात बघून केस सारखे करत, माझं कौतुक करत. पण जोडीची लिफ्ट बंद पडली आणि स्ट्रेचर, जेवणाच्या गाड्या, ऑक्सिजनची सिलिंडरं, सगळा भार माझ्यावर आला. माझी मोटर तापू लागली.

मिस्त्रीने बजावलं, "साहेब, हिला दोन दिवस बंद ठेवा."

रुग्णालयाचे मोठे साहेब म्हणाले, "चालतेय ना? मग चालू दे."

चौथ्या मजल्यावरच्या सिस्टरचीही तीच गत होती. तिच्या वॉर्डातल्या दोघी सिस्टर रजेवर, म्हणून अकरा दिवस ती दुहेरी पाळी करत होती. सगळ्यांशी हसून बोलायची आणि माझं दार मिटलं की भिंतीला कपाळ टेकायची. एकदा ती फोनवर बहिणीला म्हणाली, "अगं, आज मी भलत्याच माणसाला इंजेक्शन देत होते. त्या आजोबांनीच माझा हात धरून थांबवलं."

"मग घरी ये ना!"

"कशी येऊ? वॉर्ड कुणाच्या भरवशावर सोडू?"

त्याच दुपारी, ती आत असतानाच, माझी मोटर बंद पडली आणि मी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकले. तिने दार बडवलं. "उघडा! वर पेशंट आहेत!"

वरून मिस्त्री ओरडला, "सिस्टर, तासभर लागेल! वॉर्डात खालच्या मजल्यावरच्या सिस्टर गेल्यात. तुम्ही शांत बसा!"

ती खाली बसली, पोटभर रडली, आणि तिथेच झोपी गेली. मीच तिला कोंडलं होतं. अपराधी वाटत होतं, पण तिचा श्वास संथ झालेला ऐकून बरंही वाटलं.

दार उघडलं तेव्हा साहेब समोर होते. "घाबरलात का?"

"नाही, झोपले होते." मग तिने इंजेक्शनची गोष्ट सांगून टाकली.

साहेबांचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे. उद्यापासून आठवडाभर सुट्टी घ्या."

"उद्यापासून नाही साहेब, आत्तापासून," ती म्हणाली आणि जिन्याने सावकाश खाली उतरली.

मलाही दोन दिवस मिळाले. मी अजून त्याच बोगद्यात आहे, पण मोटर आता तापत नाही.

मित्रांनो, माझं बटण दुसऱ्याच्या हातात असतं. मला आपणहून थांबता येत नाही. तुम्हाला येतं, तेव्हा दमलात की थांबा. आणि तुमच्या घरात न थांबता राबणारं कुणी असेल, तर त्याच्या हातातलं काम काढून घ्या आणि त्याला निजू द्या.