काहूनचा कागद

आमच्या कंपनीत चूक झाली की तिला पाच वेळा ‘का’ विचारायचा नियम आहे. माल खराब का गेला? तपासणीत सुटला. का सुटला? असं खणत जायचं, म्हणजे चुकीचं मूळ सापडतं. हा नियम जपानहून आला आणि वाळूजच्या आमच्या शेडमध्ये तो मी आणला. छापील तक्ता मी बनवला आणि ‘मूळ कारण विश्लेषण’ असं भारदस्त नावही त्याला मीच दिलं. लायनीवरच्या बायकांनी दुसऱ्याच दिवशी त्या नावाची वाट लावली. त्या त्याला ‘काहूनचा कागद’ म्हणायला लागल्या; ‘का’ला त्यांच्या बोलीत ‘काहून’. मला तेव्हा फार राग आला होता.

मी रामकिसन, क्वालिटीचा सुपरवायझर. तापट आहे, हे आधीच सांगतो. जमिनीवर पडलेली एक पिन दिसली तरी माझा आवाज चढतो. लोक घाबरायचे आणि मला ते आवडायचं, हेही सांगून टाकतो. झाकाझाकीची हौस माझी एकदा फिटली आहे.

आम्ही ब्रेकच्या पेडलची पिन बनवतो. बोटाएवढी पिन, तिच्यावर एक खाच, खाचेत क्लिप बसते. खाच मापात आहे की नाही हे बघायला गेज असतो. त्याचं हिरवं टोक खाचेत गेलं पाहिजे आणि लाल टोक जाता कामा नये. एवढंच काम, पण दिवसाला दोन हजार वेळा करायचं. शेवटच्या टेबलावर ते सगीराबी करायच्या. चांगल्या पिनच्या डोक्यावर निळ्या मार्करचा ठिपका, खराब पिन लाल डब्यात. चाळिशीच्या बाई, बिडकीनहून कंपनीच्या बसनं यायच्या. ठेकेदाराच्या हजेरीवर त्यांना नऊ वर्षं झाली होती. त्या दिवाळीला पाच जणांना कायम करायचं ठरलं होतं आणि यादीत तिसरं नाव त्यांचं होतं. तेही मीच घातलं होतं.

सगीराबी उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. मराठी बोलायच्या फर्डी, पण वाचायचं म्हटलं की भिंतीसारख्या गप्प. मी एक सुधारणा काढली होती, तिला बक्षीसही मिळालं होतं: पाळी सुरू होताना प्रत्येकानं भिंतीवरच्या सूचनांमधली एक ओळ मोठ्यानं वाचायची. त्यांची वेळ आली की त्या ओळीवर उजवीकडून बोट ठेवायच्या आणि सगळी लाइन हसायची. मग मी घरून मुलीची जुनी अंकलिपी आणली. रोज चहाच्या सुट्टीत दहा मिनिटं शिकवायचो. आठ महिन्यांत बाई वाचायला लागल्या. अडायच्या ते फक्त अवघड जोडाक्षरांना. त्यातलाही ‘क्ष’ त्यांना भिंतीवरच्या ‘सुरक्षा’मुळे पाठ झाला होता.

“सर, हे जोडाक्षर कुणी काढले हो? एकाच्या अंगावर दुसरा बसवायचा, काहून?” असं त्या विचारायच्या. मीही हसायचो. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं तेव्हा.

तो दिवस भाद्रपदातला. चार वाजता ट्रक निघायचा होता, दोन हजार पिना घेऊन. आठ महिने आमचा एकही माल वेळ चुकून किंवा कमी भरून गेला नव्हता. गेटजवळच्या फळ्यावर तसा आकडाच लिहिलेला असायचा आणि येता-जाता मी तो बघायचो. पावणेचारला डिस्पॅचचा सांडू आला.

“सर, अकरा कमी भरतेत.”

“कमी कशा?”

“सगीरा आपानं लाल डब्यात टाकल्या अकरा.”

मशीन दुसऱ्या मालाला लावलेलं होतं. नव्या अकरा पिना निघायला तासभर लागला असता. मी टेबलापाशी गेलो तर सगीराबी हात धुवायला गेल्या होत्या. लाल डब्यातली एक पिन उचलून गेज लावला. लाल टोक जात होतं, पण अडखळत जात होतं. केसाएवढा फरक. मी मनाशी म्हणालो, चालतंय. सबंध शेडमध्ये हा शब्द उच्चारायला मीच बंदी घातली होती. भिंतीवर पाटी आहे तशी. मी मोजून अकरा पिना उचलल्या, त्यांचाच मार्कर घेऊन प्रत्येकीच्या डोक्यावर निळा ठिपका दिला आणि सांडूच्या हातात ठेवल्या. “दुरुस्त केल्यात,” म्हणालो. फळ्यावरचा आकडा शाबूत राहिला.

पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक कंपनीचं पत्र आलं. त्यांच्या लायनीवर क्लिपा ढिल्या निघाल्या होत्या. कुणाला इजा झाली नव्हती, पण काहूनचा कागद दोन दिवसांत मागितला होता. मॅनेजर साहेबांनी तो माझ्यासमोर सरकवला.

मी लिहायला बसलो. पिना खराब का गेल्या? तपासणीत सुटल्या. का सुटल्या? गेज नीट लावला नाही. का? तपासणाऱ्याचे लक्ष नव्हते. का? इथं पेन थांबला. थांबला तेव्हाच उठायला हवं होतं. पण खरं लिहावं तर माझं नाव येत होतं, आणि मी म्हणजे चुका शोधणारा माणूस, चुकणारा नव्हे. मी लिहिलं: सगीराबी यांचा निष्काळजीपणा. पाचव्या ‘का’समोर रेघ मारून दिली.

त्या कागदावर तपासणाऱ्याची सही लागते. हा नियमही माझाच. मी कागद घेऊन टेबलाशी गेलो. त्यांनी हातातला गेज खाली ठेवला.

“ह्ये बारीक अक्षर हाय, सर. माझ्यानं वाचायला टाइम लागंल. तुम्हीच वाचून दावा.”

मी वाचून दाखवलं. कागदावर नसलेलं वाचलं. म्हणालो, “गेज जुना झाला होता, म्हणून थोड्या पिना सुटल्या. नवीन गेज मागवत आहोत.” वाचताना बोटसुद्धा ओळीखालून फिरवलं, त्यांना शिकवताना फिरवायचो तसं.

“पण खराब तर म्या डब्यात टाकल्या व्हत्या. अकरा.”

“त्या वेगळ्या.”

“व्हय का? तुम्ही म्हणता तर आसंल.” आणि त्यांनी उर्दूत सही केली. वळणदार, सावकाश. मला थँक्यू सर म्हणाल्या, नवीन गेज येणार म्हणून.

दिवाळीच्या आधी यादी लागली, तीत तिसरं नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. तक्रारीचा कागद ज्याच्या नावावर, त्याला कायम करत नाहीत. मला हे माहीत नव्हतं असं मी कुणालाही सांगू शकतो, फक्त स्वतःला नाही. सगीराबी माझ्याकडे आल्या आणि एकच शब्द बोलल्या, “काहून, सर?”

“वरून ठरतं,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि टेबलावर जाऊन बसल्या. त्या दिवशी एकही पिन सुटली नाही.

पुढच्या महिन्यात ऑडिट होतं. मिटलेल्या तक्रारींचे कागद लायनीवरच्या बोर्डवर लावा, म्हणजे सगळे त्यातून शिकतील, असा साहेबांचा हुकूम निघाला. मी दोन दिवस नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. परत आलो तेव्हा चहाची सुट्टी चालू होती आणि सगीराबी बोर्डसमोर उभ्या होत्या. बोट ओळीखाली. मोठ्यानं वाचत होत्या, कारण मोठ्यानंच वाचायचं असं मी शिकवलं होतं. मागं आठ-दहा बाया कप घेऊन उभ्या.

“त-पा-स-णा-ऱ्या-चे... लक्ष...” ‘क्ष’ पाठ होता. “...नव्हते. का? स-गी-रा-बी...” इथं त्या हसल्या. कंपनीच्या कागदात स्वतःचं नाव त्या पहिल्यांदाच वाचत होत्या. “माझं नाव हाय! सगीराबी यांचा... नि...” बोट अडलं. मागं वळून पाहिलं तर दारात मी.

“बरं झालं आले. सर, ह्ये जोडाक्षर येत नाय मला. काय लिव्हलंय?”

शेडमध्ये त्यावेळी मशीनं बंद असतात. खोटं सांगायला माझ्याकडे एखादा शब्द असता तर मी तोही सांगितला असता, इतका मी नीच झालो होतो. पण मागच्या सगळ्याजणींना वाचता येत होतं आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

“निष्काळजीपणा,” मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग खालच्या सहीकडे, स्वतःच्या. आणि मग माझ्या बोटाकडे. तोंडाकडे पाहिलं असतं तर सोसलं असतं मला.

“तुम्ही वाचलं तव्हा ह्ये नव्हतं ह्यात,” एवढंच त्या म्हणाल्या.

मी तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. लाल डबा, मार्कर, वाचून दाखवणं, सगळं. साहेबांनी दार लावून घेतलं. “तक्रार मिटलीय, रामकिसन. मिटलेली उकरायची नसते. ऑडिट तोंडावर आहे. बाईंचं पुढच्या वर्षी बघू,” म्हणाले. मी यादी बदलायला सांगितली. ते म्हणाले, यादी गेली.

मग मी काहूनचा नवा कागद घेतला. ठळक, मोठ्या अक्षरात लिहिला, अंकलिपीत असतं तसं. पिना खराब का गेल्या? लाल डब्यातून मोजून अकरा काढल्या, निळे ठिपके देऊन पाठवल्या. कुणी? रामकिसनने. का? फळ्यावरचा आकडा पडू नये म्हणून. दोष सगीराबींवर का आला? रामकिसनचा निष्काळजीपणा. पाचव्याला मात्र रेघ मारली नाही. लिहिलं: चूक माझी आहे असे सांगायची लाज वाटली म्हणून. सही केली. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना, साहेबांना न विचारता, जुन्या कागदावर तो चिकटवला. मेमो येईल तर येवो.

वाचायची पाळी सांडूची होती. सगीराबी पुढं आल्या. “म्या वाचते,” म्हणाल्या.

सगळी लाइन उभी होती. एकेक अक्षर सुटं करत त्यांनी वाचलं. माझं नाव दोनदा आलं, दोन्ही वेळा त्यांनी ते घाई न करता म्हटलं. मी भिंतीवरच्या ‘चालतंय बंद’च्या पाटीखाली उभा होतो. ‘निष्काळजीपणा’ आला. या खेपेला त्या अडल्या नाहीत. पण पुढंही गेल्या नाहीत. बोट तिथंच ठेवून माझ्याकडे वळल्या.

“सर, ह्यो शब्द चुकला.”

“कसा?”

“निष्काळजी काहून? तुम्ही तर मोजून अकरा उचलल्या. ठिपके बी दिले. लई काळजीनं केलं तुम्ही.” आवाज चढला नव्हता. “सोपा शब्द लिव्हा. खोटेपणा. त्याला जोडाक्षर बी नाय लागत.”

मी खिशातला पेन काढला. सगळ्यांसमोर तो शब्द खोडला आणि वर लिहिला, त्यांनी सांगितला तो. त्यांनी तो बोटाखाली धरून एकदा वाचून पाहिला, बरोबर आहे अशी मान हलवली आणि गेज उचलायला टेबलाकडे गेल्या.