भिंतीवरची गुलाब

बापूरावांनी चुन्याची बादली खुर्शीदाच्या पायाशी आणून आदळली. पांढरे शिंतोडे तिच्या सलवारीवर उडाले.

"मॅडम, पुसून टाका हे. आताच्या आता."

समाजमंदिराच्या भिंतीपुढे मोहल्ल्यातली पंचवीस-तीस माणसं जमली होती. जयंती चार दिवसांवर आली होती. त्यासाठी मुलींकडून भिंत रंगवून घ्यायची कल्पना खुर्शीदाचीच. नागभीडहून ती या गावच्या शाळेत चित्रकला शिकवायला आली, त्याला आठ महिने झाले होते. मॅडम म्हणून सगळे मान द्यायचे, पण अजून कुणी घरात बोलावलं नव्हतं. 'बाहेरची बाई, त्यात दुसऱ्या समाजाची' ही कुजबुज तिच्याही कानावर आली होती. तरी जयंती समितीचे अध्यक्ष म्हणून बापूरावांनी भिंत दिली होती.

मुलींना तिने एवढंच सांगितलं होतं, आपलं गाव काढा. कुणी धानाच्या बांध्या काढल्या, कुणी बोडीच्या पाण्यातली कमळं. नऊ वर्षांच्या दिव्यानीने वाघ काढला. वाघाच्या पुढे, डोक्यावर तेंदूपानांचा भारा घेऊन चाललेली एक बाई. तिला नाक नव्हतं, डोळे नव्हते. तोंडाच्या जागी नुसता गव्हाळ गोल.

ती कोण, हे गावात कुणालाच विचारावं लागलं नाही. दिव्यानीची आई गुलाब चार वर्षांपूर्वी पानं तोडायला जंगलात गेली, ती परत आली नव्हती; वाघाने नेली होती.

"जयंतीच्या भिंतीवर वाघ कायले पाह्यजे?" बापूराव म्हणाले. "आम्ही इसरून राह्यलो, अन् तुम्ही पोरीईच्या हातानं उकरून राह्यल्या."

"भाऊ, मी तिले हे काढ म्हटलं नाई."

"मंग थांबवलं काऊन नाई? तुमचं काय, उद्या दुसऱ्या गावाले चालल्या जासान. आम्हाले इथीच राह्यचं आहे."

"बराबर आहे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

खुर्शीदाने बादलीतला कुंचा उचलला. त्यातून चुना गळत होता. दिव्यानी भिंतीला पाठ टेकवून उभी होती. आपल्या अंगाने जेवढं चित्र झाकता येईल, तेवढं झाकून. खुर्शीदाने तिच्याकडे पाहिलं आणि कुंचा परत बादलीत सोडला.

"मी नाई पुसत, भाऊ."

"नाई?"

"शाळेत तक्रार करा. जा म्हटलं तर जाईन मी. पण हे माझ्या हातानं होणार नाई."

बापूरावांचा जबडा आवळला. त्यांनी कुंचा ओढून घेतला आणि तेच भिंतीकडे निघाले. लोक बाजूला झाले. दिव्यानी हलली नाही. ते तिच्यापुढे थांबले, कुंचा उचलला, आणि तिच्या डोक्यावरून त्यांची नजर त्या कोऱ्या गोलावर जाऊन अडली.

"तोंड काऊन नाई काढलं?" आवाज एकदम खाली आला होता.

"मले आठवत नाई," दिव्यानी म्हणाली.

"फोटो असन ना घरी."

"आधार कार्डावरचा आहे. काळा आला."

मग दिव्यानीची आजी रुखमा गर्दीतून पुढे आली.

"लांबट होतं तोंड," ती हळूच म्हणाली. "कपाळ मोठं."

"अन् डोळे बारीक," मागून एक बाई बोलली. "हासली का दिसतच नव्हते."

बापूराव तसेच उभे होते. चुना त्यांच्या चपलेवर ठिबकत होता.

"हनुवटीवर गोंदण होतं," ते भिंतीकडेच पाहत म्हणाले. "तीन ठिपके."

रुखमाने मान वर केली. "तुमच्या ध्यानात आहे?"

"जंगलात मीच गेलो होतो ना, फारेस्टवाल्याईसंगं. त्याच्यावरूनच ओळखलं तिले. बाकी..."

तिला कशावरून ओळखलं, हे चार वर्षांत त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. रुखमाचा पदर तोंडाशी गेला.

बापूरावांनी कुंचा खाली ठेवला. मुलींच्या रंगांमधून एक बारीक ब्रश उचलून काळ्यात बुडवला आणि भिंतीजवळ नेला. पण ठिपका न टेकवताच त्यांनी तो मागे घेतला आणि खुर्शीदापुढे धरला.

"तुम्ही काढा, बाई."

तिने तो घेतला आणि दिव्यानीच्या हातात दिला. दिव्यानीने टाचा उंच केल्या.

"काळा नोको, माय," रुखमा म्हणाली. "गोंदण हिरवं दिसते."

खुर्शीदा खाली मातीतच बसली आणि झाकणात रंग कालवू लागली. काळ्यात हिरवा, मग जरा निळा. बोटाने उचलून तिने वर दाखवला.

"असा?"

"अजून थोडा हिरवा," तीन-चार जणी एकदम म्हणाल्या आणि बघायला तिच्याभोवती वाकल्या. तोल सावरायला कुणाचा तरी हात तिच्या खांद्यावर टेकला. रंग कालवून झाला तरी तो तिथेच होता.