नकाशेवाल्या बाई आणि मी

भिंतींना कान असतात म्हणतात, ते खोटं नाही. पण भिंतींना तोंडही असतं, हे तुम्हाला आज कळेल. मी बोलतेय, वळणावरची चार मजली इमारत.

माझा जन्म झाला तेव्हा हे शहर वाढत्या पोरासारखं दरवर्षी कपड्यांबाहेर जात होतं. कारखाने उभे राहिले, कामगारांना मात्र घरं नव्हती. सरकारनं एका तरुण आर्किटेक्ट बाईंना बोलावलं आणि त्यांनी मला आखलं. कमान नाही, नक्षी नाही, रंग नाही. सपाट छत, सरळ रेषा. अंगावर गिलावासुद्धा नाही. काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांच्या रेघा अजून माझ्या अंगावर दिसतात. आणि प्रत्येक मजल्यावर सहा फूट रुंद मोकळी गॅलरी.

"एवढी जागा वाया कशाला घालवता?" इंजिनिअर साहेब म्हणाले.

"दाराबाहेर पाऊल टाकलं की माणसाला माणूस भेटला पाहिजे," बाई म्हणाल्या. त्या हट्टाला पेटल्या आणि गॅलऱ्या झाल्याच.

लोक राहायला आले आणि त्यांनी नाकं मुरडली. "हे घर आहे की गोदाम?" मला फार वाईट वाटलं. पण तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या टोकाला, शिवणकाम करणारी एक बाई आली. नवरा नुकताच गेलेला, पदरात तीन वर्षांची मुलगी. उजेडासाठी तिनं शिलाईचं मशीन गॅलरीत ओढलं. कुणी बटण लावून घ्यायला यायचं, कुणी नुसतंच मन मोकळं करायला. महिन्याभरात ती सगळ्या मजल्याची मावशी झाली.

मग कुटुंबं वाढली. सुना आल्या, नातवंडं आली, दोन खोल्या पुरेनात. चालण्यापुरती जागा सोडून एकेकानं आपल्यापुढची गॅलरी पत्र्यानं बंद केली. मावशीनंही केली, कारण मुलगी बाळंतपणाला आली होती. माझा जीव गुदमरला, खोटं कशाला बोलू? पण पत्र्याआडून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

नकाशेवाल्या बाईंचा मात्र गेला नाही. वीस वर्षांनी त्या पाहुण्यांना मला दाखवायला घेऊन आल्या आणि पत्रे बघून त्यांचा चेहराच पडला.

"माझ्या इमारतीचं पार वाटोळं केलंत तुम्ही!"

मावशीच्या ओठांत टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक काढून मशीनवरच्या छोट्या गादीत टोचल्या आणि मग म्हणाली, "तुमची इमारत? बाई, इथे एक दिवस तरी राहिलात का हो?"

बाई तशाच जिना उतरल्या. पुन्हा पंचवीस वर्षं फिरकल्या नाहीत.

दरम्यान माझं छत गळायला लागलं. पश्चिमेकडच्या तुळयांचं काँक्रीट निखळलं, आतल्या गंजक्या सळ्या उघड्या पडल्या. सरकारी कचेरीला मला पाडून तिथे उंच टॉवर उभारायचे होते. रहिवाशांना 'काही झालेलं नाही' असं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. तपासणी कुणी करायची? दोन्ही बाजूंना एकच नाव पटलं. नकाशेवाल्या बाईंचं.

बाई आल्या, पण सत्तरी ओलांडलेल्या. हातोडीनं ठोकत, आवाज ऐकत तिसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या आणि तिथेच मावशीच्या दारात बसल्या.

"राहा इथेच," मावशी म्हणाली. "खाणार नाही मी तुम्हाला."

बाई नऊ दिवस राहिल्या. कुठल्या कोपऱ्यात पातेलं ठेवायचं आणि कुठे बादली, हे मावशीनं त्यांना दाखवलं. सहाव्या दिवशी दोघी एकमेकींचा हात धरून गच्चीवर गेल्या. बाईंनी तांब्याभर पाणी ओतलं. ते हललंच नाही, तिथेच थबकलं.

"उतार कमी ठेवला मी," बाई हळूच म्हणाल्या. "छत अगदी सपाट दिसावं म्हणून. चूक माझी आहे."

मावशी म्हणाली, "माझीही कापडं बिघडलीत, बाई. उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. पण जिथे कापडच विरलंय तिथे टाका धरत नाही."

"पश्चिमेची बाजू विरली आहे."

"म्हणजे माझी."

"हो."

पुढे दोन दिवस मावशी बाईंशी बोलली नाही. ताट मात्र वेळेवर वाढत होती.

कचेरीतला साहेब म्हणाला, "सगळीच धोकादायक लिहा, म्हणजे प्रश्नच मिटला." बाईंनी ऐकलं नाही. रहिवाशांचंही ऐकलं नाही. पश्चिमेची बाजू पाडावी, पूर्वेची दुरुस्त करून राखावी, असं लिहून त्यांनी सही केली. कुणीच खूश झालं नाही. पश्चिमेकडच्या बहुतेकांना शहराबाहेरच्या टॉवरमध्ये घरं मिळाली. मावशी जाईना.

"लिफ्टच्या दारात कोण येणार माझ्याकडे बटण लावून घ्यायला?"

पूर्वेच्या तळमजल्यावर वाचनासाठी एक दालन होतं, वर्षानुवर्षं अडगळीनं भरलेलं. रहिवाशांनी ते मावशीसाठी रिकामं केलं. ज्या बाईंना एक पत्रा खपला नव्हता, त्यांनी स्वतः खडू घेऊन जमिनीवर नवी भिंत आखली.

"खिडकी कुठे हवी तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

 मावशी सावकाश एका कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. "इथे. बसल्यावर येणारा-जाणारा दिसला पाहिजे."

आज मी अर्धीच उरले आहे. जिथे मला कापलं, तिथे पाडलेल्या खोल्यांच्या भिंती उघड्या पडल्यात. एक निळा चौकोन, एक गुलाबी, कुठे फोटोच्या खिळ्याचं भोक, कुठे मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या खुणा. येणारे-जाणारे मान वर करून बघतात. परवा टॉवरमध्ये गेलेला एक गृहस्थ आपल्या मुलीला बोट दाखवून म्हणाला, "तो हिरवा दिसतोय ना, तिथे आम्ही जेवायला बसायचो." बराच वेळ उभा होता तो.

ती भिंत बरी दिसत नाही, तिला गिलावा करून टाकू, असं आता काही जण म्हणतात. एवढंच सांगते, करू नका. पाऊस आत शिरू नये म्हणून काय हवं ते लावा, पण ते रंग झाकू नका. मला बांधलं कुणी, हे कागदावर लिहिलेलं आहे. माझ्यात राहिलं कोण, हे फक्त तिथेच दिसतं.