इस्त्रीच्या टेबलाचा जळफळाट

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी एक जुनं इस्त्रीचं टेबल आहे, अंगभर डागांचं, आणि मला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही. गोड बोलणारी टेबलं दुसरीकडे शोधा.

मुळात मी दरवाजा होतो. घर पडलं, तेव्हा एका सुताराने मला आडवं केलं, चार पाय ठोकले आणि या लहानशा दुकानात आणून टाकलं. मालकाने वर ब्लँकेट घातलं, त्यावर चादर ताणली. कडेचं किल्लीचं भोक तेवढं उघडं राहिलं. तेव्हापासून मी लोकांच्या कॉलरी सरळ करतोय. शाबासकी इस्त्रीवाल्याला मिळते. टेबलाची पाठ थोपटलेली कुणी पाहिली आहे?

एकीने थोपटली. मालकाच्या मुलीने. तिला घरात रेडिओ म्हणायचे, कारण गप्प बसून तिच्या डोक्यात काही शिरतच नसे. ती माझ्याजवळ उभी राहायची, त्या भोकात बोट घालायची आणि वाचलेला धडा पुस्तक मिटून बापाला सांगायची.

शर्टाची एक ठरलेली वाट असते. आधी कॉलर, मग खांदा, कफ, बाह्या, पाठ आणि शेवटी पुढचा भाग. रेडिओने उत्तरंही त्याच वाटेवर घातली. व्याख्या कॉलरवर, पुढचे मुद्दे पुढे. एक शर्ट, एक उत्तर. शर्टाची घडी झाली की पुस्तक उघडून काय सुटलं ते बघायचं, पाणी प्यायचं, पुढचा शर्ट.

"मूत्रपिंड म्हणजे गाळणी, बाबा. पण कामाचं असेल ते परत घेते."

"आपली चहाची गाळणी का घेत नाही गं?"

"तिने परीक्षा दिलेली नाही."

बाप हसायचा. ती अडली की इस्त्री उभी करून थांबायचा. "तापलेली इस्त्री कापडावर ठेवून विचार करायचा नसतो. आधी उभी कर, मग आठव."

तिला औषधं तयार करण्याचं शिक्षण घ्यायचं होतं. प्रवेश परीक्षा दोनदाच देता येत होती. पहिल्यांदा ती थोडक्यात हुकली. आता एकच संधी उरली, आणि घराच्या अंगात आलं.

अंगात आणलं आत्याने. एके सकाळी ती हमालाच्या डोक्यावरून नवं टेबल घेऊन आली. गुळगुळीत, चकचकीत, खणवालं!

"इस्त्रीच्या वाफेत उभं राहून कुणी शिकतं का रे दादा? पोरीला शांतता दे."

सगळे त्या टेबलावरून हात फिरवत होते. मला कुणी विचारलं नाही. माझ्यावर तर त्याचं खोकं ठेवलं! मित्रांनो, इस्त्रीने मी कधी जळलो नसेन इतका त्या दिवशी जळलो.

रेडिओ मागच्या खोलीत गेली. दाराला पडदा लागला. बाप कुजबुजायला लागला, गिऱ्हाईक शिंकलं तरी आत्या डोळे वटारायची. रेडिओ तेच पान पुन्हा पुन्हा वाचायची आणि पिवळ्या पेनाने रंगवायची. शेवटी सगळं पुस्तक हळदीत बुडवल्यासारखं झालं, पण मिटलं की आत काही नाही. तिचं जेवण तुटलं, झोप उडाली. सराव परीक्षेत तिने कोरा कागद दिला.

आत्या म्हणाली, "लक्ष कमी पडतंय. पडदा जाड लावू."

पडदा! मला दात असते तर मी तो फाडला असता.

बापाचंही बिघडलं होतं. तिच्या बोलण्यावर त्याचा हात चालायचा. आता शांततेत त्याचं चित्त मागच्या खोलीत असायचं. एका दुपारी कॉलरचा करपट वास सुटला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

रेडिओ धावत बाहेर आली. "बाबा! इस्त्री उभी करा!"

बापाने केली. दोघं त्या तपकिरी डागाकडे बघत राहिली.

"तू बोलत नाहीस, मला कळतच नाही गं कॉलर कधी संपली," तो म्हणाला.

"मलाही कळत नाही, बाबा. कशातलंच काही." ती रडायला लागली. "मला तिथे भीतीच वाजते कानात."

"अरे, तिला आत पाठव," आत्या म्हणाली.

"अगं, टेबल छान आहे तुझं. पण पोरगी त्यावर मुकी झाली." त्याने दुसरा शर्ट पसरला. "चल रेडिओ. कॉलर."

तिने भोकात बोट घातलं. पहिला शर्ट अर्धाच झाला. दुसरा पाऊण. बऱ्याच दिवसांनी त्या रात्री ती जेवून वेळेवर झोपली.

परीक्षेहून ती थेट माझ्यापाशी आली. म्हणाली, "बाबा, पेपर बघितला आणि सगळं पुसलं गेलं. मग पेन खाली ठेवलं. इस्त्री उभी केली म्हणा ना. लांब श्वास सोडला. बाकाला एक भोक होतं, त्यात बोट घातलं आणि दुसऱ्या हाताने बाकावर कॉलर काढली. बाई विचारतात, काय चाललंय? म्हटलं, शर्ट करतेय."

"मग?"

"पुढचा भागसुद्धा झाला, बाबा!"

तिला प्रवेश मिळाला. ती आता लांब राहते. नवं टेबल माझ्याशेजारी घड्या घातलेले कपडे सांभाळतं. त्याच्या खणात बटणं असतात. बरं काम करतं. मी त्याला तसं सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची परीक्षा असेल तर टेबल खुशाल आणा. पण त्याच्यासाठी माणसाची जागा आणि जीभ काढून घेऊ नका. त्याला आठवून सांगू द्या, अडू द्या, थांबू द्या, झोपू द्या. आणि समोर एखादं माणूस असू द्या, ज्याला उत्तर माहीत नाही पण ऐकायचं आहे.

आणि तो परीक्षेचा बाक, ऐन वेळी तिच्या बोटाखाली आलेला, एका शर्टापुरता राबलेला बाक कुणाला दिसला, तर मला कळवा. शर्ट माझा होता.