गिरणीचं बारसं

आमच्या घरात नाव ठेवायचा मान आत्याचा. हा मान मला कुणी दिलेला नाही, त्यामुळे कुणाला काढूनही घेता येणार नाही, अशी माझी समजूत होती. संहिताचं नाव मी ठेवलं, रविकिरणचंही मीच. त्यांच्या बापाने, म्हणजे माझ्या भावाने, रघुनंदनने, इथे कानडी मुलखात, येलहंक्यात, पिठाची गिरणी टाकली तेव्हा मी हुबळीला सासरी बाळंतीण होते. मला येता आलं नाही, म्हणून गिरणी बिननावाचीच राहिली. लोक 'मराठी गिरणी' म्हणत आणि दळण टाकून जात.

नवरा गेल्यावर मी माहेरी परत आले. जागा वडिलांची, तिचा अर्धा भाग रघुनंदनने आपणहून माझ्या नावावर केला होता. गेल्या वर्षी तोही गेला. मग संहिताने बेळ्ळंदूरच्या ऑफिसातली नोकरी सोडली आणि मेतकूट, भाजणी, नाचणीचं पीठ पाकिटांत घालून विकायचं ठरवलं. कल्पना चांगलीच होती. मेतकूट माझ्या हातचं होतं.

धंद्याची नोंदणी करायला नाव हवं, आणि जागेसाठी माझी संमतीची सही. एके दिवशी सकाळी मी डाळ निवडत बसले होते तेव्हा ती म्हणाली, "आत्या, नाव सुचवा आणि इथे सही करा." भाजी आणायला सांगावी तसं!

"नाव बारशाच्या दिवशी," मी म्हटलं. "पाळण्याआधी कुणी नाव फोडतं का? गिरणीला हळदकुंकू लावू, चार बायका बोलावू, मी कानात नाव सांगीन. तेव्हाच नोंदव. सहीही तेव्हाच."

"वेबसाइट म्हणजे पाळणा नव्हे, आत्या."

"नसू दे. मी तर आत्या आहे ना?"

"सरी," ती म्हणाली. पण ते कानडीतलं 'बरं' मला मुळीच आवडलं नाही. ही पोरगी इतक्या लवकर कधी ऐकत नाही.

तेव्हापासून घरात कुठेतरी पाणी मुरायला लागलं. मी खोलीत गेले की संहिताचा फोन बंद व्हायचा. लॅपटॉपचं झाकण मिटायचं. काय चाललंय विचारलं तर "काही नाही, ऑफिसचं," म्हणे. ऑफिस तर सोडलेलं! रविकिरणला खोदून विचारलं, तर तो बिचारा खरंच कोरा होता. त्याला काही माहीत असतं तर चहा होईपर्यंत त्याने सगळं ओकलं असतं.

मग एका दुपारी शेजारची भाग्यलक्ष्मी कुंपणापाशी आली. "अक्का, स्वल्प इकडे या," म्हणाली. तिने संहिताला बोर्डवाल्याच्या दुकानात पाहिलं होतं. वर कन्नड अक्षरं मोठी, खाली इंग्रजी, असं मापबीप सांगत होती म्हणे.

"नाव काय सांगितलं?"

"ते मला ऐकू आलं नाही, अक्का. पण सांगितलं खरं."

मी तिला चहाही विचारला नाही. आत येऊन नुसती बसून राहिले. नाव ठेवणारी मी, आणि बोर्डवाल्याला माझ्याआधी नाव ठाऊक! वाटलं, आज नावातून वगळलं, उद्या जागेतून वगळतील, परवा जेवायला बोलवायचं विसरतील. या वयात मी जाणार कुठे? गुरुदत्तकडे?

गुरुदत्त माझा मुलगा. सगळ्याचं मूळ तोच, हे मला कळत होतं. मामाच्या तेराव्याला आला आणि पानं वाढायच्या आधी गिरणीची जागा पावलांनी मोजत फिरला. मला लाज वाटली. संहिता दारात उभी राहून बघत होती. त्या दिवसापासून माझ्याकडे बघताना तिला माझ्यामागे तोच दिसत असणार. म्हातारी नाव दाबून बसलीय, सही दाबून बसलीय, म्हणजे बारशाला चार बायकांसमोर आपल्या लेकाचं नाव गिरणीला चिकटवणार! असा हिशोब तिने मांडला असावा.

आणि माझं नाव तर केव्हाच ठरलं होतं. संहिता. आमच्या घराण्यात आजोबांच्या नावाने छापखाना झाला, मारुतीच्या नावाने किराणा दुकान झालं. पोरीच्या नावाने कधी काही झालं नाही. माझं नाव तर साध्या पेटीवरही कुणी घातलं नव्हतं. म्हटलं, या मुलीने धाडस केलंय, तिचंच नाव लागू दे. हे तिला आधी सांगितलं असतं तर? सांगितलं नाही. रीत ती रीत, आणि मी हट्टी.

शुक्रवारी गिरणी धुतली. मोटारीला हार घातला, दळण ओतायच्या पत्र्याच्या तोंडाला हळदकुंकू लावलं. बायका अंगणात साखर खात बसल्या होत्या. मी रविकिरणला म्हटलं, "लॅपटॉप उघड. मी नाव सांगितलं की लगेच घाल."

"नंतर करू ना," संहिता म्हणाली.

"आत्ताच," मी म्हटलं.

रविकिरणने संहिताचा आधार नंबर घातला. मग पडद्याकडे बघतच राहिला आणि हळूच बहिणीला म्हणाला, "अक्का, तुझ्या नावावर आधीच नोंदणी झालीय. 'नंदन फूड्स'. आणि जागा... जागा पूर्ण स्वतःची लिहिलीय."

पूर्ण स्वतःची! इतका राग मला नवरा मारायचा तेव्हाही आला नव्हता. मी तिच्या दंडाला धरलं आणि तिला आत स्वयंपाकघरात नेलं.

ती रडत होती, पण नजर खाली नव्हती. "मी घाबरले, आत्या. खरं सांगा. तुम्ही गुरुदत्तदादाचंच नाव ठेवणार होतात ना?"

तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कळलं, तिला 'हो' हवं होतं. 'हो' म्हटलं तर तिने घर वाचवलं. खरं नाव सांगितलं तर तिने काय केलं, ते तिला जन्मभर सलत राहिलं असतं. ते सांगून मला तिची चांगली जिरवता आली असती. जिभेवर आलंही होतं.

"हो," मी म्हटलं. "त्याचंच."

"मला माहीतच होतं," ती म्हणाली आणि इतकी हलकी झाली की मला पुन्हा राग आला. तिने डोळे पुसले. "जागेचं मी दुरुस्त करते. आजच. तुमचा अर्धा भाग लिहिते."

"लिही. मग सही करते."

बाहेर बायका नाव विचारायला लागल्या होत्या. मी गिरणीजवळ गेले, पत्र्याच्या तोंडाशी वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नंदन."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. भाग्यलक्ष्मी म्हणाली, "भावाचं नाव ठेवलंत, अक्का. छान सुचलं हं तुम्हाला."

संहिता माझ्या शेजारी उभी होती. तिने मान डोलावली आणि साखरेची वाटी पुढे केली.